वादी दैकाचं पाणी



मस्कतला नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तो जुना जोक ऐकवतं: इथे दोनच ऋतू, एक उन्हाळा आणि दुसरा कडक उन्हाळा. मलाही २०१६ मध्ये ऐकवला होता आणि पुढे मीही तो बऱ्याच जणांना ऐकवला. घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी. कॅलेंडरचं पान उलटतं तेवढाच काय तो बदल. ऋतू बघायचे म्हणून मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये हजार किलोमीटर गाडी हाकत सलालाला खरीफ बघायला जातात. सलाला सुंदर आहे, वादच नाही. पण त्या धुक्यातल्या भुरभुर पावसात उभं राहिलं की मला वाटतं, आपण आपल्याच पावसाची झेरॉक्स बघायला आलोय.

इथले खरे ऋतू मला कळले ते दोन जागांमुळे. एक म्हणजे कुरियातजवळचं वादी दैकाचं धरण आणि दुसरी जबल अखदर. मस्कतहून सूरच्या रस्त्याला लागलं की तास-सव्वा तासात दैका येतं. वादी म्हणजे डोंगरातली नदी, बहुतेक वेळा कोरडी. (आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीशी काही संबंध नाही, आमच्या पाहुण्यांचा हा गोंधळ दरवेळी होतो.) दैका मात्र बारमाही वाहणाऱ्या मोजक्या वाद्यांपैकी एक. २०१२ मध्ये उद्घाटन झालेलं हे धरण ७५ मीटर उंच आहे आणि त्यात १० कोटी घनमीटर पाणी मावतं. आपल्या कोयनेपुढे ही बशीच, पण उघड्याबोडक्या डोंगरांत ते निळंहिरवं पाणी पहिल्यांदा दिसतं तेव्हा गाडीतली बडबड आपोआप थांबते. झाड नाही, गवत नाही, तपकिरी-राखाडी कडे सरळ पाण्यात उतरलेले.

जानेवारीत जावं. वारा गार असतो, चहाचा थर्मास घेऊन कट्ट्यावर बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही. इथला भरवशाचा पाऊस हिवाळ्यातला, तोही वर्षातून चार-पाच दिवस. तो चांगला झाला असेल तर पाणी कड्याला भिडलेलं असतं. मार्चनंतर ते उतरू लागतं आणि खडकावर पांढरी रेघ उमटते. जूनमध्ये ती रेघ चांगली रुंद झालेली असते आणि गाडीचं दार उघडवत नाही. याच कुरियातमध्ये २६ जून २०१८ ला चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. कमाल नव्हे मंडळी, किमान तापमान! आणि तरी त्याच दिवसांत, दुपारी तीन-चारच्या सुमारास, डोंगरमाथ्यावर अचानक काळे ढग जमतात. मस्कतमध्ये आकाश कोरडं ठक्क आणि वर डोंगरात गडगडाट. आपला वळीवच तो. तासाभरात वादी फुगते आणि संध्याकाळी पुन्हा ऊन.

हे सगळं मी बघत होतो, पण टुरिस्टासारखं. ते वाचायला शिकवलं आमच्या आप्पांनी.

आप्पा म्हणजे माझे वडील. साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमची जमीन. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. जानेवारी २०२३ मध्ये ते पहिल्यांदा मस्कतला आले. पहिले चार दिवस त्यांना काही दाखवलं की "चांगलं आहे" एवढंच म्हणायचे. ऑपेरा हाऊस चांगलं आहे, मोठी मशीद चांगली आहे, मॉल चांगला आहे. मग त्यांना जबल अखदरला न्यायचं ठरलं आणि वाटेत पायथ्याशी बिरकत अल मौझला थांबलो. तिथे खतमीन नावाचा फलज आहे. फलज म्हणजे जमिनीखालून किंवा उघड्यावरून उताराने गावात आणलेला पाण्याचा पाट. ओमानमधले असे पाच फलज युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशात घेतले, त्यातला हा एक. गावात आल्यावर हे पाणी तीन सारख्या वाटांनी फुटतं. आप्पा त्या फाट्यावर उकिडवे बसले आणि उठेचनात. तिन्ही धारांत हात घालून पाहिला. मग माझ्याकडे वर बघून अहिराणीत म्हणाले, "आठे बी पाटकरी शे का?"

खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, साधारणपणे प्रत्येकाची थोडीथोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड भिजवायचा आणि कुठला पडीक ठेवायचा हे गाव बसून ठरवतं. म्हणजे दुष्काळ आला तर तो एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही, सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा येतो. पाणी वाटून देणारा तो पाटकरी. आमचे आजोबा काही वर्षं पाटकरी होते. मी सॉफ्टवेअरमध्ये शेड्युलिंगचंच काम करतो, पण खरं सांगायचं तर आजोबांचं शेड्युलिंग जास्त अवघड होतं. त्यात चूक झाली की लोक काठ्या घेऊन दारात यायचे.

तर फलजवरही पाटकरी असतो. त्याला अरीफ म्हणतात आणि त्याच्यावर वकील. (आप्पांना हे फार आवडलं. "पाण्यावर वकील? मग भांडणं होणारच!") पाण्याचा वाटा वेळेत मोजतात. अर्ध्या तासाला एक अथर. घड्याळ नव्हतं तेव्हा दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळ्या धरायचे. हे ऐकल्यावर आप्पांनी त्या ट्रिपमध्ये डोंगर असा बघितलाच नाही. वर सैक पठारावर, म्हणजे सुमारे दोन हजार मीटरवर, आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, रात्री पारा शून्याजवळ. सौ. आणि लेक शेकोटीला चिकटलेल्या, आणि आप्पा कानटोपी घालून सकाळी सहाला पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात पाटाच्या मागे मागे. उगम कुठे, साठवणीची टाकी कुठे, शेवटच्या शेताला पाणी पोचतं का.

दुसऱ्यांदा ते आले एप्रिल २०२४ मध्ये. आल्या आल्या तो भयानक पाऊस. १४ एप्रिलला शर्किया भागात पूर आला आणि त्यात शाळेची मुलं वाहून गेली. आमची लेकही शाळेच्या बसने जाते. त्या रात्री घरात कुणी फार बोललं नाही. पुढचे दोन दिवस शाळा बंद. आप्पा तिला गॅलरीत घेऊन बसले आणि समजावत होते की कोरड्या नदीवर विश्वास ठेवायचा नाही, आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर कुठेतरी पडलेला असतो. मी इथे आठ वर्षं राहून तिला हे इतक्या नीट सांगितलं नव्हतं.

महिनाअखेरीस दैकाला गेलो तर पाणी चहासारखं गढूळ. तिथून पुढच्याच शुक्रवारी जबल अखदर, गुलाबांसाठी. मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत तिथे गुलाब फुलतात, ऊन चढायच्या आत पहाटे तोडतात. मातीच्या भट्टीत पाकळ्यांचं भांडं, आत वाफ धरायला छोटं भांडं, वर गार पाण्याचा वाडगा. जुन्या पद्धतीचं गुलाबपाणी तपकिरी निघतं आणि त्याला धुराचा वास येतो. आमच्या हिला तो आवडला नाही, मला आता दुसरं कुठलं चालत नाही. असो.

तिथे एक म्हातारे ओमानी गृहस्थ भेटले. तरुणपणी फौजेत बलुची सोबत्यांबरोबर राहून उर्दू शिकलेले, त्यामुळे दुभाष्या म्हणून माझी गरज पडली नाही. दोघे बांधावर बसले. आप्पांनी विचारलं, खालच्या चार पायऱ्या पडीक का? ते म्हणाले, पाणी पूर्वीसारखं नाही, आणि माणसंही नाहीत. मुलगे मस्कतला नोकरीत, सुट्टीला येतात, फोटो काढतात. गुलाब तोडायला बांगलादेशी कामगार. आप्पा म्हणाले, आमच्याकडेही तेच. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पाटाला कोण विचारतं. मुलगा परदेशात.

मुलगा, म्हणजे मी, तिथेच तीन फुटांवर उभा होतो.

मंडळी, इथे मला जे सांगायचंय ते नीट जमतंय का बघा. आमची साडेतीन एकर विकायची बोलणी त्याआधीच सुरू होती. गिऱ्हाईक तयार होतं, भाव बरा होता. आप्पांचे गुडघे गेलेत, वाटेकरी दरवर्षी बदलतो. जमीन विकून ते नाशिकला ताईकडे राहतील आणि हिवाळ्यात इकडे येतील असं आम्ही भावंडांनी ठरवत आणलं होतं. हिशोब आजही मला बरोबरच वाटतो. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आप्पांना विचारलं, तुमच्या पाण्याचा वाटा कुणाला देणार? जमिनीचं नाही, पाण्याचं विचारलं. फलजवर पाण्याचा वाटा जमिनीपासून वेगळा विकता येतो, भाड्याने देता येतो, मुलांना वारसाने जातो. आप्पांनी उत्तर दिलं नाही. उतरताना गाडीत एकदाच म्हणाले, "बरं विचारलं त्याने."

परत गेल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. हो नाही, नाही नाही, नुसतं थांब. ताई माझ्यावर वैतागली, ओमानला नेऊन काय शिकवून पाठवलंस म्हणून.

त्यानंतर आमचा एक नेमच झालाय. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मी दैकाला जातो आणि तिथून फोन लावतो. व्हिडिओवर नेटवर्क चांगलं मिळालं तर ते म्हणतात, कॅमेरा खडकावर धर. पांढरी रेघ किती रुंद झाली ते बघतात. हायल अल घाफचे आंबे आणि दघमरच्या बागा खाली आहेत हे त्यांना पाठ आहे. सप्टेंबरात जबलवरची डाळिंबं आणतो, तेव्हा साल फाटली आहे का विचारतात, कारण फाटली असेल तर पाणी अनियमित दिलं असं त्यांचं ठाम मत. सटाण्याच्या डाळिंबांशी तुलना होते आणि त्यात सटाणा जिंकतो.

मागच्या खेपेला रेघ बरीच खाली होती. लेकीने फोन धरला होता. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता यांना एखादा फड बसवावा लागेल." तिने विचारलं, कुठला? ते म्हणाले, "ते गाव बसून ठरवेल बाय, तू आन् मी नाही." मग पांझरेला पाणी बरं आहे, गहू पेरला, वाटेकरी टिकलाय एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. गिऱ्हाइकाचं मी विचारलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मस्कतकर खानदेशी

ता. क. जबल अखदरला जाणार असाल तर फोर बाय फोरच घ्या, बिरकत अल मौझच्या चेकपोस्टवर पोलीस गाडी बघतात. दैकाच्या पाण्यात उतरायला मनाई आहे. आणि वादीत पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, पुढची पजेरो गेली म्हणून तर मुळीच नको.