मेडिकल का नॉन-मेडिकल?

"मेडिकल पाहिजे का नॉन-मेडिकल?" फोनवरच्या माणसाने विचारलं. मला आधी वाटलं, चुकून औषधाच्या दुकानाला फोन लागला. पण घरी रुग्ण सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीची ही रोजची भाषा आहे. मेडिकल म्हणजे नर्स : जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स केलेली, नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदलेली. नॉन-मेडिकल म्हणजे अटेंडंट, आपल्या बोलण्यात 'बाई'. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, लघवी-संडासाचं बघणं. या कामाला कौन्सिल नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट नावाचा एक छोटा कोर्स असतो खरा, पण आमच्याकडे आलेल्या दोघीही घरातल्या म्हाताऱ्यांचं करत करतच शिकलेल्या होत्या.

आजीला स्ट्रोक आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून राईल्स ट्यूब, लघवीसाठी कॅथेटर. बाराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर औषधं ओळीने लिहिलेली होती. ती घरी कोण देणार, त्याला कार्डावर रकाना नसतो.

पप्पांचं म्हणणं, नर्सच ठेवायची. आत्या वास्कोहून फोनवर म्हणाली, "अरे, आईला दिवसभर काय इंजेक्शनं देणार आहेस? तिला आपल्या भाषेतली बाई बघ." मम्मी काहीच बोलली नाही. कोणीही आलं तरी रात्री उठणार आपणच, हे तिला ठाऊक होतं. दोघींच्या दरात जवळजवळ दुपटीचा फरक होता, आणि पप्पांच्या विम्यात घरच्या माणसाचा खर्च बसत नव्हता, मग ती नर्स असो का बाई.

मी एका वहीत आजीचे 24 तास लिहून काढले. दर दोन-तीन तासांनी ट्यूबमधून 200 मिलीलिटर पातळ अन्न. त्याआधी सिरिंजने ओढून ट्यूब पोटातच आहे ना, हे बघायचं. भरवताना डोकं वर, आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच. शेवटी पाणी सोडून ट्यूब धुवायची. दर दोन तासांनी कूस. मधे अंग पुसणं, तोंड साफ करणं, चादर, हातपाय हलवणं. घड्याळाने मोजलं तर शिकलेल्या हातांचं काम दिवसाकाठी जेमतेम दोन तासांचं निघालं, बाकी सगळं बाईचं. वही दाखवल्यावर आत्याला वाटलं ती जिंकली. पण धोका काही तासांच्या हिशोबाने येत नाही. शेवटी दिवसा नर्स आणि रात्री बाई, असं ठरलं.

नर्सला सगळे सिस्टर म्हणतात, आणि आमच्यासारख्या काथलिक घरात सिस्टर म्हणजे मठातली सिस्टर. आजीचा तसाच समज झाला. त्या आल्या की ती चालत्या डाव्या हाताने कपाळापासून क्रूसाची खूण करायची. धारवाडकडच्या त्या सिस्टर, कपाळावर विभूती. पहिले दोन दिवस गोंधळल्या, मग त्याही हात जोडायला लागल्या. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं. आम्ही हिंदी आणि मोडक्या कन्नडवर भागवायचो.

चौथ्या रात्री आजीने त्याच डाव्या हाताने ट्यूब ओढून काढली. अडीच वाजले होते. रात्रीची बाई म्हणाली, "घालू काय मी? लई जणांना घातल्यात." मम्मीच्या तोंडावर 'घाला' आलंच होतं. तिची दानत वाईट नव्हती. आजी उपाशी राहील म्हणून तिचा जीव तुटत होता. मी सिस्टरना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, कुछ मत डालो, मुँह से पानी भी नहीं, मैं आती हूँ. ट्यूब श्वासनलिकेत गेली असती तर पुढचं अन्न सरळ फुप्फुसात गेलं असतं. सात वाजता येऊन त्यांनी ट्यूब घातली, सिरिंजने ओढून पोटातलं पाणी आलेलं बघितलं, आणि मगच भरवलं. पप्पांनी आत्याला फोन केला नाही, पण चेहरा तसा झाला होता.

तिसऱ्या आठवड्यात मात्र पैशांनी बोलायला सुरुवात केली. पप्पांनी आरडी मोडली. मग दिवसालाही बाई, आणि सिस्टर आठवड्यातून तीनदा तासाभरासाठी. ट्यूबचं भरवणं त्यांनी मला आणि मम्मीला स्वतः उभं राहून शिकवलं. खानापूरकडच्या मावशी आल्या. पाचव्या दिवशी अंग पुसताना त्या म्हणाल्या, "पोरी, हितं हात लाव बघू. ऊन लागायलंय." माकडहाडापाशी. आजी सावळी आहे, तिच्या कातडीवर लाली अशी दिसत नाही. मला तर काहीच दिसलं नाही. हाताला मात्र तेवढीच जागा गरम आणि थोडी घट्ट लागत होती. मावशी खोबरेल तेल घेऊन चोळायला बसणार, तेवढ्यात सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, रगडना मत. बेडसोअरची ती पहिली पायरी होती. चोळलं असतं तर आतलं मांस आणखी दुखावलं असतं. त्या जागेवर भार नको, पाठीवर झोपवायचं नाही, गुडघ्यांमध्ये उशी, कूस वेळेवर. आठवडाभरात ती जागा निवली. हे सापडलं ते तिथे रोज हात फिरवणाऱ्या बाईला, आणि काय करायचं नाही हे ठाऊक होतं शिकलेल्या बाईला.

या दिवसांत मी शुश्रूषा हा शब्द उघडून बघितला. साहित्याच्या विद्यार्थ्याला असली खोड असतेच. 'श्रु' म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. इंग्रजी नर्सच्या मुळाशी लॅटिनमधलं भरवणं, पोसणं आहे. आमच्या घरी भरवायची मम्मी आणि ऐकायच्या मावशी. आजीचं कण्हणं आम्हाला एकच वाटायचं. मावशींना त्यात तीन आवाज कळायचे. "आता कूस नको म्हणायल्यात, पाय ओढून द्या म्हणायल्यात." पाय ओढला की आजी गप्प. सिस्टरनीही पुढे पुढे आल्याबरोबर आधी मावशींना विचारायला सुरुवात केली, रात कैसी गयी?

सहाव्या आठवड्यात गिळण्याची तपासणी झाली आणि ट्यूब निघाली, त्याआधी कॅथेटर. फातिमा कॅथेड्रलमधून फादर कम्युनियन घेऊन येतात, तेव्हा आता होस्तीचा कण पाण्यात भिजवून चमच्याने देता येतो. पहिल्यांदा गिळलं तेव्हा पप्पा उठून बाहेर गेले.

सिस्टर आता फक्त शुक्रवारी येतात. तेही बंद करा, असं आत्या म्हणते. बीपी तर मशीनवर आपणही बघतो. पप्पा नाही म्हणतात. त्यावर या महिन्यात दोनदा भांडण झालंय, आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. शिवाय मावशी भातकापणीला आठ दिवस गावी जाणार आहेत. वहीतली त्या आठ दिवसांची पानं मी आखून ठेवलीयत. रात्रीच्या रकान्यात मम्मीचं नाव लिहिलंय, दुपारच्या रकान्यात माझं. सकाळचा रकाना अजून रिकामा आहे.