युवराजाची आई

मुलांनो, आमच्या वर्गात शनिवारी सुट्टीच्या आधी ‘साखळीची गोष्ट’ चालते. पहिल्या बाकावरच्याने एक वाक्य सांगायचं, पुढच्याने त्याला दुसरं जोडायचं, असं करत गोष्ट शेवटच्या बाकापर्यंत न्यायची. एका शनिवारी गोष्ट राणीची निघाली. एक होती राणी. तिचा राजा तरुणपणीच वारला. राज्याचे आधीच दोन तुकडे झालेले. मुलं लहान. प्रधान कपटी. (गोष्टीतला प्रधान नेहमी कपटीच का असतो, कोण जाणे!) मग कुणी राणीला उडता घोडा दिला, कुणी जादूची तलवार दिली. तलवार आली तशी लढाई आली आणि वर्गात नुसता खणखणाट सुरू झाला.

गोष्ट खिडकीजवळच्या एका मुलीपर्यंत पोचली. ही एरवी फार कमी बोलते. ती उठून म्हणाली, “राणीले तलवार कायले पायजे? पोरगं मोठं होईपर्यंत राज्य सांभाळाचं आहे, तर तिले कागद वाचता आले पायजे.”

“राणी का तलाठी आहे का?” मागून एकजण ओरडला आणि सगळे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. कारण अशी राणी खरोखर होऊन गेली आहे, आणि तिचा ‘कागद’सुद्धा शिल्लक आहे! एवढंच नव्हे, तिच्या मुलाची राजधानी आपल्या वर्धा जिल्ह्यात होती असं मोठमोठ्या अभ्यासकांनी सांगितलं आहे. आमची सहल तिथल्या तिथे ठरली. कुठे? पवनारला!

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदी लागते. पात्रात मोठमोठे काळे खडक, त्यांच्यामधून वाट काढणारं पाणी, आणि काठावरच्या उंचवट्यावर विनोबा भाव्यांचा आश्रम. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले. धाम नदीच्या पलीकडे म्हणून त्यांनी जागेला नाव दिलं ‘परंधाम’. पुढे १९५९ साली त्यांनी इथेच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. आश्रमाचा कारभार बहिणीच बघतात आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीने घेतात. हे ऐकून मुली एकमेकींकडे बघून हसल्या आणि मुलगे थोडे गप्प झाले.

आम्ही नदीकाठी बसलो, डबे उघडले. पोळी-भाजी, ठेचा, कुणाकडे गुळाची पोळी. आणि मी गोष्ट सुरू केली.

सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या विदर्भात वाकाटक घराण्याचं राज्य होतं. या घराण्यातला पहिला प्रवरसेन फार पराक्रमी. त्याने चार अश्वमेध केले आणि स्वतःला सम्राट म्हणवलं. पण त्याच्यानंतर राज्य वाटलं गेलं. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनला राहिली. ते आजचं नगरधन. दुसरी शाखा वत्सगुल्मला गेली. ते आजचं वाशीम. घराणं एक, पण गाद्या दोन.

नंदिवर्धनच्या शाखेत रुद्रसेन दुसरा हा राजा झाला. त्याची राणी प्रभावतीगुप्ता. ती पाटलीपुत्राच्या प्रसिद्ध गुप्त घराण्यातली, सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी. तिच्या आईचं नाव कुबेरनागा. लग्न करून इतक्या लांब आलेल्या या मुलीचा नवरा थोडीच वर्षं राज्य करून वारला. पदरात लहान मुलं. मोठा दिवाकरसेन हा युवराज. आता गादीवर कोण बसणार? पोर तर अजून खेळण्याच्या वयाचं!

“मंग वाशीमवाल्यांनी राज्य घेऊन टाकलं काय?” एकाने विचारलं.

नाही. राज्य प्रभावतीने चालवलं. एका बाजूला वाशीमची भाऊबंदकी, दुसऱ्या बाजूला उत्तरेत बलाढ्य वडील. दोन्हीकडच्या ओढीत तिने नंदिवर्धनचं राज्य मुलासाठी राखलं. आणि हे आपल्याला कसं कळलं, तर तिच्या ताम्रपटामुळे.

ताम्रपट म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. त्या काळी राजाने कुणाला जमीन किंवा गाव दान दिलं, की तो हुकूम तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. तांबं वाळवीला खाता येत नाही, पावसाने सडत नाही. पत्र्यांना भोक पाडून त्यात कडी अडकवायची आणि कडीला राजमुद्रा लावायची. झाला पक्का दस्तऐवज! ज्याला जमीन मिळाली त्याच्या नातवा-पणतवांनी तो जपून ठेवायचा, कारण उद्या कुणी भांडायला आलं तर तोच पुरावा.

प्रभावतीचा असा एक ताम्रपट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडला. विचार करा, तांबटाच्या घरी! वितळवून त्याची घागर झाली असती तर आपल्या राणीची केवढी ओळख पुसली गेली असती. हा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीला, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, राणीने दंगुण नावाचं गाव आचार्य चनालस्वामी यांना दान दिलं. गाव नेमकं कुठलं, यात घोळ नको म्हणून भोवतालच्या गावांची नावंही दिली आहेत: विलवणक, शीर्षग्राम, कदापिंजन आणि सिदिविवरक. ते कोरणाऱ्या कारागिराचं नावसुद्धा आहे, चक्रदास.

हे दंगुण कुठलं असेल? ओळखा बरं. थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी सांगितलं, दंगुण म्हणजे आपलं हिंगणघाट!

“माह्या मामाचं गाव!” एकजण घास टाकून उभाच राहिला. त्या दिवशी त्याचा मामा एकदम राणीच्या जहागिरीतला झाला.

आता यातली खरी गंमत ऐका. ताम्रपटावर साल आहे तेरावं, आणि दिवाकरसेन तेव्हाही ‘युवराज’च आहे. म्हणजे तेरा वर्षं राणीने मुलाच्या नावाने कारभार केला होता. तुम्ही बालवाडीत गेल्यापासून बारावी होईपर्यंतचा काळ जवळजवळ! आणि मुद्रेवर काय कोरलंय? ‘महाराणी’ नाही, ‘सम्राज्ञी’ नाही. हे युवराजाच्या आईचं शासन आहे, आणि ते शत्रूला वठणीवर आणणारं आहे, असा त्या मजकुराचा अर्थ.

पण ही राणी नुसती ‘अमक्याची आई’ म्हणून मान खाली घालून बसणारी नव्हती हं. ताम्रपटाच्या सुरुवातीला वंशावळ असते. तिथे तिने सासरची नाही, माहेरची वंशावळ दिली. आणि तरीही माहेरचं सगळंच उचललं नाही. गुप्तांचं स्वतःचं संवत् होतं, ते तिने वापरलं नाही. वर्षं मोजली ती नंदिवर्धनच्याच कारभाराची. वडिलांचा आधार घेतला, पण राज्याचा हिशोब आपल्या घरचा ठेवला.

जेवणं झाल्यावर आम्ही आश्रमात गेलो. इथे जुन्या मूर्ती आणि कोरीव शिळा आहेत. आश्रमाच्या जमिनीत खणताना त्या निघाल्या. त्यातली एक शिळा भरत-रामाची. वनवास संपवून राम परत आला आणि भरताला भेटला, तो प्रसंग. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली होती. त्यात या भेटीचं चित्र काढायला हवं, असं ते म्हणाले होते. पुढे पवनारला जमीन खणताना तीच भेट दगडात कोरलेली हाती आली! त्यांना केवढा आनंद झाला असेल. आश्रमातल्या मंदिरात ती आज आहे.

मिराशींनी या शिळा बघितल्या आणि त्या रामायणातल्या प्रसंगांच्या, वाकाटकांच्या काळातल्या मंदिराच्या आहेत, असं मांडलं. प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन दुसरा याने नवी राजधानी वसवली, तिचं नाव प्रवरपूर. मिराशींच्या मते प्रवरपूर म्हणजे हेच पवनार. काही संशोधकांना मात्र ती जागा रामटेकजवळच्या मनसरची वाटते, कारण तिथल्या उत्खननातही मोठी वास्तू निघाली आहे. पवनारलाही १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं आणि फार जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या.

त्या शिळेसमोर मी मुलांना विचारलं, “चौदा वर्षं अयोध्येचा राजा कोण होता?”

“राम!” “नाही, भरत!” दोन तट पडले.

भरताने गादीवर रामाच्या पादुका ठेवल्या आणि कारभार केला. काम सगळं त्याचं, नाव रामाचं. वेळ आली तेव्हा राज्य जसंच्या तसं हातात दिलं. प्रभावतीनेही तेच केलं. आणि पाहा, पुढे तिने आणखी एक दान दिलं, त्याचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळाला. तो दिला आहे रामगिरिस्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकहून. तेव्हा प्रवरसेनाच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. राज्य मुलाकडे गेलेलं आहे, आई अजून आहे, आणि तिचा शब्द अजून चालतो आहे.

“आणि मोठा मुलगा?” खिडकीजवळच्या मुलीने हळूच विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. दिवाकरसेन राजा झालेला कुठल्याही ताम्रपटात दिसत नाही. त्या दुसऱ्या ताम्रपटात प्रभावती स्वतःला दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई म्हणवते. ज्याच्यासाठी तेरा वर्षं राज्य सांभाळलं त्याचं नाव तिथे नाही. त्यावर ताम्रपट आणखी काही सांगत नाही. पण राणीने काम सोडलं नाही, एवढं दिसतं. तिचा प्रवरसेन पुढे मोठा राजा झाला. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य त्याचंच मानतात. ही प्राकृत आपल्या मराठीची पूर्वज बरं का!

परतताना ती मुलगी बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. घरी थोडी कोरडवाहू जमीन. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या सातबाऱ्यावर माह्या भावाचं आन् माहं नाव आहे. त्याच्यापुढं ‘अ.पा.क.’ लिहून आईचं नाव आहे. ते राणीसारखंच झालं ना?”

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस वयाने लहान असला की त्याच्या वतीने जमीन बघणाऱ्याचं नाव असं लिहितात. तिची आई सही करायला शिकली ती त्या कागदांसाठी. आता बँकेत, तलाठ्याकडे, कापूस विकायला, सगळीकडे तीच जाते. काकांशी बांधावरून वाद निघाला, तेव्हा तिने मोजणीचा नकाशा पुढे ठेवला. विलवणक आणि शीर्षग्रामची नावं राणीने का कोरून ठेवली असतील, हे या मुलीला माझ्याआधी कळलं होतं!

मी म्हटलं, “हो गं, अगदी तसंच.” पुढे मला बोलायला सुचलं नाही. तिने पाठीमागे वळून त्या ‘तलाठी’ म्हणणाऱ्याला ऐटीत सांगितलं, “ऐकलं का? राणी तलाठ्याचं काम बी करत होती.”

अजून एक सांगायचं राहिलं. २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला उत्खनन झालं. तिथे मातीचा एक लहानसा ठसा मिळाला. लांबी दीड इंचाहून कमी, वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत नाव आहे. कुणाची आई नाही, कुणाची मुलगी नाही. नुसतं प्रभावतीगुप्तेचं नाव.

तर मुलांनो, पवनारला गेलात तर धामच्या पाण्यात पाय सोडून बसा, पण खडक निसरडे आहेत, जपून. भरत-रामाची शिळा नीट बघा. आणि घरी आलात की आई-बाबांना सांगून तुमच्या घराचा किंवा शेताचा कागद एकदा वाचून बघा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत? कुणी ते तुमच्यासाठी सांभाळलं?

आमच्या वर्गातली साखळीची गोष्ट पुढच्या शनिवारी पुरी झाली. उडता घोडा मुलांनी ठेवला. तलवार मात्र काढून टाकली आणि राणीच्या हातात मुद्रा दिली.