एनई२००० चे जंपर आणि एका फाइलचा मायना

१/११
जुने पत्र हाती आले की इतिहासाचा अभ्यासक मजकुराआधी मायना वाचतो. कोणी, कोणास, कोठून लिहिले, हे कळल्याशिवाय मजकुराला वजन येत नाही. लिनक्सच्या कर्नलमधील ‘एनई डॉट सी’ या फाइललाही असाच मायना आहे. लेखक डोनाल्ड बेकर, लेखनकाळ १९९२ ते ९४. त्याखाली १९९३ चा स्वामित्वहक्क अमेरिकी सरकारचा, आणि सरकारतर्फे नाव नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या संचालकांचे! हा धागा त्या फाइलविषयी.

२/११
हेर खात्याचे नाव दिसताच तर्ककुतर्क सुरू होतात. परंतु पुढच्याच ओळीत ही संहिता जीएनयू परवान्याखाली कोणासही वापरता व वाटता येईल, असे नमूद आहे. ज्यास काही लपवायचे असते तो मायन्यात आपली मुद्रा उमटवून जगभर प्रती वाटत नाही. कटाची कथा येथेच संपते. खरी कथा याहून साधी आणि अधिक कष्टाची आहे.

३/११
पार्श्वभूमी थोडक्यात. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात बॉब मेटकाफ यांनी ईथरनेटची कल्पना मांडली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले. प्रारंभी लिनक्सला जाळ्याशी बोलता येत नव्हते. रॉस बिरो यांनी आरंभीची संहिता लिहिली, फ्रेड व्हान केम्पेन यांनी ती पुढे नेली आणि वेल्समधील स्वान्सीच्या ॲलन कॉक्स यांनी ती सावरली. पुढे कित्येक वर्षे लिनक्स सुरू होताना पडद्यावर स्वान्सी विद्यापीठाच्या संगणक मंडळाचे नाव झळकत असे, ते याच ऋणापोटी.

४/११
जाळ्याची भाषा आली, तरी तारेपर्यंत पोचवणारा ड्रायव्हर हवा. बाजारात सर्वांत स्वस्त कार्डे एनई२००० जातीची होती. मूळ आराखडा नोव्हेल कंपनीचा, आत नॅशनल सेमीकंडक्टरची ८३९० मालिकेतील चिप. त्याच्या नकला इतक्या निघाल्या की ‘एनई२०००’ हे एका वस्तूचे नाव न राहता एका कुळाचे नाव झाले. आणि कुळ म्हटले की तोतयेही आलेच.

५/११
खरे कार्ड ओळखावे कसे? कार्डावरच्या एका छोट्या स्मृतिपटात त्याचा पत्ता कोरलेला असे. त्याच्या चौदाव्या व पंधराव्या स्थानी षोडशमान पद्धतीतील ५७, म्हणजे ‘डब्ल्यू’ हे अक्षर, असावे असा संकेत होता. ड्रायव्हर ही मुद्रा तपासत असे. काही नकलाकारांनी तीही नीट उठवली नाही. मग फाइलमध्ये ‘वाईट नकलां’ची एक स्वतंत्र यादीच जोडली गेली: अमुक नाव, अमुक पत्ता, यांना मुद्रेवाचून प्रवेश द्यावा. एवढी उदारता पुष्कळ दरबारांनीही दाखवली नसेल.

६/११
आता मुख्य पेच. आयएसए पद्धतीच्या या कार्डांना स्वतःची ओळख सांगता येत नसे. कार्ड कोणत्या पत्त्यावर बसेल आणि प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी कोणती आयआरक्यू ओळ वापरेल, हे कार्डावरच्या जंपरांनी ठरे: दोन खिळ्यांवर चढवायची नखाएवढी टोपी. एक टोपी चुकीच्या जागी गेली की सारे मुसळ केरात.

७/११
उदाहरण पाहा. एनई२००० कार्ड आपल्या पत्त्यापासून पुढची बत्तीस स्थाने व्यापते. जंपर ३६० वर ठेवला तर त्याची हद्द षोडशमानात ३७एफ पर्यंत जाते. आणि प्रिंटरचे द्वार असते ३७८ वर. जाळे सुरू करावे तर प्रिंटर बिघडतो. आयआरक्यू ३ निवडावा तर तो दुसऱ्या सिरियल पोर्टाचा, म्हणजे बहुधा मोडेमचा. ५ निवडावा तर साउंड कार्डाशी भांडण. दोष तारेत नाही, कार्डात नाही, ड्रायव्हरातही नाही. तो हद्दीच्या वादात आहे. वतनाच्या कज्ज्यांची कागदपत्रे चाळलेल्या वाचकास हे वेगळे सांगायला नको.

८/११
बेकरांचा ड्रायव्हर आपण होऊन ३००, २८०, ३२० अशा ठरावीक पत्त्यांवर कार्डाचा शोध घेई. हा शोध धोक्याचा होता. त्या जागी भलतेच यंत्र बसलेले असले तर नुसत्या चाचपणीने संगणक गोठे. म्हणून जाणकार मंडळी लिलो या आरंभप्रणालीला आधीच सांगून ठेवत: ‘ईथर’ हा शब्द, पुढे आयआरक्यू, पत्ता आणि ईथ० हे नाव. दुसरे कार्ड लावले तर ते आपोआप सापडत नसे. ईथ१ साठी निराळी आज्ञा लिहावी लागे. मग इफकॉन्फिगने कार्डाला आयपी पत्ता द्यायचा आणि प्रॉक निर्देशिकेतील इंटरप्ट्स या नोंदीत आकडा वाढतो का ते पाहायचे. आकडा शून्यावरच राहिला तर पुन्हा पेचकस घेऊन संगणकाची पेटी उघडायची. समाक्ष तारेचे जाळे असेल तर टोकाचे पन्नास ओहमचे टर्मिनेटरही तपासायचे. एक जरी निखळला तरी त्या तारेवरची सगळी यंत्रे मुकी होत. पॉल गोर्टमेकर यांनी या साऱ्या अनुभवाचे ‘ईथरनेट हाउटू’ लिहून ठेवले, म्हणून हे ज्ञान नव्याने येणाऱ्यांच्या हाती लागले.

९/११
इतका खटाटोप कशासाठी? उत्तर १९९४ मध्ये मेरिलँडमधील नासाच्या गॉडार्ड केंद्रात मिळते. बेकर आता तेथे होते. थॉमस स्टर्लिंग यांच्यासह त्यांनी १६ साध्या ४८६ डीएक्स४ संगणकांचा एक समूह बांधला व जुन्या इंग्रजी महाकाव्यावरून त्याला ‘बेओवुल्फ’ म्हटले. उद्देश असा की महासंगणकाचे काम बाजारातल्या मालावर व्हावे.

१०/११
अडचण आली ती तारेत. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणारे ईथरनेट त्या प्रोसेसरांना अपुरे पडू लागले, आणि अधिक वेगवान जाळे तेव्हा फार महाग होते. बेकरांनी आपलेच ड्रायव्हर नव्याने लिहिले आणि एकाच प्रवाहातील माहिती दोन स्वस्त ईथरनेटांवर वाटून दिली. बेओवुल्फचा इतिहास सांगताना प्रोसेसरांची संख्या सगळे सांगतात. हे वाटप मात्र सहसा तळटीपेत जाते. वस्तुतः ड्रायव्हरची संहिता हातात नसती तर हा उपाय सुचूनही करता आला नसता. १९९७ मध्ये अशाच समूहांवरील कामाला किंमत आणि कार्यक्षमता यांच्या प्रमाणासाठी गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले, त्या मानकऱ्यांत बेकर व स्टर्लिंग दोघेही होते.

११/११
दरम्यान पीसीआय पद्धत रुळली. प्रत्येक कार्ड आपला निर्माता क्रमांक व वस्तू क्रमांक स्वतः सांगू लागले, पत्ते संगणकच वाटू लागला आणि जंपर अडगळीत गेले. ईथ० हे नावही पुढे पुष्कळ वितरणांतून मागे पडले. २०१३ पासून सिस्टमडी कार्डाच्या जागेवरून त्याला नाव देते. बेकरांच्या नंतरच्या कित्येक ड्रायव्हरांच्या मायन्यात मात्र गॉडार्ड केंद्राचा पत्ता होता. पुढे ज्यांनी त्या फाइलींत दुरुस्त्या केल्या, त्यांनी आपल्या नोंदी त्या पत्त्याच्या खाली लिहिल्या.