मोजून झालं, पुढे काय?

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की पनवेलमध्ये फ्लेक्स लागतात. खांदा कॉलनीत, नवीन पनवेलला, कामोठ्यात. मुलांचे फोटो, खाली 300 पैकी गुण, त्याखाली क्लासचं नाव. मला हे फ्लेक्स वाचायला आवडतात. पोरांनी कष्ट केलेले असतात, घरच्यांनीही. पण त्यातलं गणितात खरोखर पुढे असलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसतं आणि इतरांबरोबर तेच उदाहरण सोडवतं जे त्याला दोन वर्षांपूर्वी येत होतं. आपण मूल मोजतो आणि मोजमाप फाइलला लावून मोकळे होतो.

*

शिष्यवृत्तीची ही परीक्षा 1954-55 पासूनची. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर: पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. गणिताचे प्रश्न 50, गुण 100. एका पेपरात 75 प्रश्न आणि दीड तास, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. दहा वर्षांच्या मुलाने वाचायचं, सोडवायचं आणि गोल काळा करायचा, तोही रेघेबाहेर न जाता.

पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम 2023 मध्ये वाढून वर्षाला 5000 रुपये झाली. त्याआधी ती इतकी तुटपुंजी होती की त्यात वर्षाच्या वह्याही धड आल्या नसत्या. वाढली हे चांगलंच झालं. पण पैसे मिळतात, गणित मिळत नाही.

*

मी मुलांना सरावाला दिलेलं एक उदाहरण. ज्या संख्येला 4, 5 आणि 6 ने भागलं की दर वेळी 3 उरतात अशी सर्वांत लहान तीन अंकी संख्या कोणती? पर्याय: 103, 113, 123, 133.

एका मुलाने चारही पर्यायांतून 3 वजा केले. 100, 110, 120, 130. यात 6 ने भाग जाणारी एकच. गोल केला, पुढे गेला. दहा सेकंदही लागले नसतील. हीसुद्धा हुशारीच आहे, ती मी कमी लेखत नाही.

शेजारच्या मुलीने पर्याय पाहिलेच नाहीत. लसावि 60 काढला, 63 लिहिलं, ते दोन अंकी म्हणून आणखी 60 मिळवले. मग मान वर करून म्हणाली, "काकू, 4 ने भागल्यावर 3, 5 ने भागल्यावर 4 आणि 6 ने भागल्यावर 5 उरले तर?" आणि स्वतःच बोटं मोजत बसली. थोड्या वेळाने उत्तर आलं: 59. प्रत्येक वेळी एकच कमी पडतोय ना, म्हणून 60 मधून एक काढायचा.

उत्तरपत्रिकेत दोघांचा गोल सारखाच. आणि त्या दोन मिनिटांत मुलीचे पुढचे प्रश्न राहिले. घड्याळ लावून मोजलं तर ती मागे आहे.

*

2016-17 पासून चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीला नेली. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत गेलेलं. ज्या बाईंनी चार वर्षं त्याला घडवलं त्यांच्या हातून तयारी सुटली, आणि नव्या शाळेला मूल अजून नावानेही ठाऊक नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. मला हा निर्णय पटतो. वाड्यापाड्यांवरच्या शाळांत एखादी शिक्षिका जीव लावून जादा तास घेते, तिला तिच्या मुलांचा निकाल बघायला मिळायला हवा.

*

मोजून झाल्यावर खरोखर जागा देणारी एक परीक्षा म्हणजे नवोदयची. 80 प्रश्न, दोन तास, त्यात अंकगणिताचे 20. रायगड जिल्ह्याचं नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला. सहावीच्या 80 जागा अख्ख्या जिल्ह्याला, किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी. पनवेल महानगरपालिका 2016 मध्ये झाली आणि आजूबाजूची कितीतरी गावं शहरात आली. तिथली मुलं आता शहरी. घरं तीच, आईबापांची मिळकत तीच.

*

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने 1969 मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली. पाचवीला प्रवेश, चाचण्या घेऊन. अजून चालू आहे. पनवेलच्या मुलाने रोज तिथे जावं कसं?

*

अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक सरळ गोष्ट हाती घेतली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाच्या गणिताच्या परीक्षेला बसवलं. वर्गाच्या पेपरात सगळी हुशार मुलं 95 ते 100 मध्येच अडकतात, कोण किती पुढे हे कळत नाही. वरच्या इयत्तेचा पेपर दिला की कळतं. आणि कळल्यावर त्यांनी त्या मुलांना वरचं गणित शिकवलंही. आपल्याकडे चौथीच्या मुलीला सहावीचा पेपर द्यायला वेगळा खर्च येत नाही. पेपर शाळेच्या कपाटातच असतो.

*

पनवेलहून हार्बर लोकलने मानखुर्दला उतरलं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. गणित ऑलिंपियाडचा कारभार तिथून चालतो. पण ती वाट आठवीपासून सुरू होते. चौथी ते आठवी ही चार वर्षं मधल्या मधे सुटतात, आणि गणिताची गोडी टिकते की जाते हे ठरतं ते याच वर्षांत.

*

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 मी मुलांना देते. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या अंकांचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा, 6174 येणारच. 59 काढणाऱ्या त्याच मुलीने तीन अंकांवर करून पाहिलं, तिथे 495 येतं. मग दोन अंकांवर: 81, 63, 27, 45, 09 आणि पुन्हा 81. इथे थांबत का नाही, हे ती आता शोधते आहे. तिची पुस्तकातली वजाबाकी दुसरीतच संपली होती; या खेळात तिने वहीची पानंच्या पानं वजाबाक्या केल्या.

*

प्रत्येक केंद्रशाळेत शिष्यवृत्तीला पात्र झालेल्या मुलांची यादी असते. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मुलांना एकत्र बसवायचं, दीड तास, घड्याळ न लावता. एक खोली, एक फळा आणि वरच्या वर्गांची जुनी पुस्तकं. शिक्षकांना त्या तासाच्या बदल्यात दुसऱ्या कामातून सूट द्यावी लागेल, नाहीतर ते टिकणार नाही. पनवेल तालुक्यातल्या कोणत्याही केंद्राने खोली दिली तर शनिवारी शिकवायला मी येईन.