तेलाचा माग

कोल्हापूर,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

चिरंजीव अनंत यास अनेक उत्तम आशीर्वाद उपरि विशेष.

तुझे पत्र पोचले. गाडी येईल त्या किमतीस विकून टाकावी आणि काकांच्या मागचा हा व्याप संपवावा, असे तू लिहिलेस, त्यामागील माया मला समजते. परंतु दादांनी अखेरपर्यंत जिच्या तेलाची पट्टी दर रविवारी स्वतः काढून पाहिली, ती गाडी तिचा रोग कोणता हेही न ठरवता परक्याच्या दारात नेऊन उभी करणे माझ्याच्याने झाले नसते. आता ती निरोगी आहे. यापुढे ती तुझ्याकडे राहणार, म्हणून घडले ते जरा विस्ताराने लिहितो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या सांध्याच्या तळाशी थेंब जमून रात्रभरात फरशीवर रुपयाएवढा डाग पडत असे, हे तू पाहिलेच होतेस. पहिल्या गॅरेजात क्रँकचे मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असा निर्णय मिळाला. दुसऱ्या ठिकाणी इंटरकूलरच्या होज पाइपात तेलाचा ओलावा आढळला, तेव्हा टर्बोच बदला असे सांगण्यात आले. हे निर्णय अप्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही, कारण दोहोंनाही डोळ्यांना दिसणारा आधार होता. परंतु दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षे दफ्तर सांभाळलेल्या माणसाला एकाच प्रकरणात दोन परस्परविरोधी कैफियती समोर आल्या की दोन्ही बाजूला ठेवून मूळ कागद मागण्याची सवय जडते. तेव्हा गाडी घेऊन मी उद्यमनगरातील त्या वृद्ध मिस्त्रींकडे गेलो, ज्यांच्याकडे दादा जात असत.

त्यांनी पाना हातात घेण्यापूर्वी केरोसीन आणि ब्रश मागवला. दीड दिवस आम्ही केवळ धूत होतो. अल्टरनेटर आणि विजेचे सांधे प्लॅस्टिकने झाकून, वर्षानुवर्षांचे काळे किटण खरवडून, हवेच्या झोताने कानाकोपरा वाळवला, तेव्हा त्या इंजिनाचा मूळचा रंग मला प्रथमच दिसला. मिस्त्रींचे म्हणणे असे की, तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वारा ते मागे लोटतो, म्हणून ते जिथे टपकते तिथून वर आणि पुढे पाहत जावे. सर्वांत उंचावरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच मुळाच्या जवळचा. मग त्यांनी इंजिन ऑइलमध्ये जंबुपार प्रकाशात चमकणारा रंग थोडासा मिसळला, आम्ही पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, आणि शटर ओढून केलेल्या अंधारात त्यांनी तो जांभळा दिवा इंजिनामागे धरला. टर्बोखालून तेल परत नेणाऱ्या पाइपाच्या बुडाशी, जिथे तो ब्लॉकला मिळतो तिथे, पोपटी रंगाची एक बारीक धार उजळली. ती ब्लॉकच्या पाठीवरून उतरून गिअरबॉक्सच्या सांध्यावर थबकली होती. क्रँकचे सील कोरडे होते.

येथे टर्बोची रचना थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रकार तिच्यातूनच उलगडतो. धुराड्याकडे वाया जाणाऱ्या वायूच्या वेगावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे आहे. लहान मोटारींतला हा दांडा मिनिटाला दीड-दोन लक्ष फेरे घेतो आणि त्याच्या एका टोकाशी सातशे अंशांच्या आसपास तापलेला वायू असतो. अशा अवस्थेत तो धातूवर टेकत नाही, तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगतो. हे तेल पंपाच्या दाबाने अरुंद नळीतून वर येते. परत जाताना मात्र त्याला कोणाचाही दाब नसतो, केवळ स्वतःच्या वजनाने ते रुंद पाइपातून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. दांड्यावरची सीलेही आपल्या समजुतीतल्या रबरी सीलांसारखी नसून पिस्टनच्या रिंगांसारखी बारीक कडी असतात. उतरण्याची वाट मोकळी असेल तोवरच ती तेल थोपवतात. येणारी वाट जोराची आणि जाणारी वाट नुसत्या उताराची, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली आणि ती समजल्यापासून त्या यंत्राविषयी माझ्या मनात एक प्रकारचा आदर उत्पन्न झाला आहे.

पाइपाचे पॅकिंग बदलण्यात आले. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने सवयीने सिलिकॉनची ट्यूब पुढे केली, तेव्हा त्यांनी ती त्याच्या हातून काढून घेतली. सांध्यातून आत फुगलेली सिलिकॉनची कड सुटून त्या निवांत वाटेतच अडकली तर तेल तुंबून टर्बो जातो, असे त्यांनी त्याला समजावले. वरच्या नळीच्या बँजो बोल्टचे दोन्ही कॉपर वॉशर नवे घातले, कारण एकदा दबलेले तांबे दुसऱ्यांदा तितके नीट बसत नाही, आणि मनगटाच्या अंदाजावर न विसंबता टॉर्क पान्याने ते आवळले.

पाच दिवस गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा राहिला. सहाव्या दिवशी मी आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत गेलो, परतीचा चढ चढलो, आणि दुसऱ्या सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग होता. अनंता, त्या सकाळी मी खरोखर खचलो. तुला पत्र लिहून गाडीच्या विक्रीस संमती द्यावी, असा मसुदाही मनात तयार झाला होता.

मिस्त्री शांत होते. चढावरच का, एवढेच त्यांनी विचारले, आणि इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण सैल केले. झाकण हातात थरथरू लागले आणि त्याच्या कडेने धुराचे फूत्कार आले. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली निसटतो आणि ब्रीदरच्या वाटेने बाहेर काढला जातो. चढावर भार वाढला की तो वाढतो. आमचा ब्रीदर काढून पाहिला, तर त्यात करंगळीही जाणार नाही इतके पिवळट काळे लोण्यासारखे किटण बसलेले. चेंबरमध्ये वायू कोंडला, तेव्हा स्वतःच्या वजनाने उतरू पाहणाऱ्या तेलाला खालूनच अटकाव झाला. मग ते एकीकडे पाइपाच्या सांध्यातून आणि दुसरीकडे कड्यांवरून इंटरकूलरकडे वाट काढू लागले. दोन्ही गॅरेजांनी पाहिलेली दोन्ही चिन्हे एकाच कोंडमाऱ्याची होती. ब्रीदर साफ करून त्याचा पडदा बदलल्यावर झाकणाची थरथर थांबली, म्हणजे रिंगाही शाबूत ठरल्या. टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला. आडवा किंचित हलतो, तेवढे चालते, लांबीच्या दिशेने अजिबात हलत नाही. इंटरकूलर उतरवून आत साठलेले तेल निथळून घेतले. हे विसरून चालत नाही, कारण डिझेल इंजिन ते तेलच इंधन म्हणून ओढू लागले तर किल्ली फिरवूनही बंद होत नाही.

ते किटण आले कुठून, हा प्रश्न मला सोडत नव्हता. ड्रायव्हरच्या शेजारच्या कप्प्यात दादांची वही आहे, तीत प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर आणि कारण त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. नऊ वर्षांच्या त्या वहीत पुणे, गणपतीपुळे, तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाची नागपूरची फेरी, अशा लांब नोंदी आहेत. शेवटच्या दोन वर्षांत मात्र पानेच्या पाने एकच शब्द आहे, ‘दवाखाना’, आणि त्यापुढे तीन किलोमीटर, तीन किलोमीटर. इतक्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. आत जमणारी वाफ उडून न जाता तेलात मिसळते आणि त्याचेच ते लोणी होते. मिस्त्रींना मी ती पाने दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी आंबा घाट दोनदा चढून आलो. अकरा दिवसांचे अकरा पुठ्ठे तारखा घालून ठेवले आहेत, सगळे कोरडे आहेत. तू आलास की गाडी घेऊन जा. घाट चढून थांबलास तर मिनिटभर इंजिन चालू राहू दे, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळून कोळसा होणार नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी तिला लांब ने. वहीत दादांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ कोरी सोडून मी ब्रीदरची नोंद केली आहे. पुढची पाने तुझी.

तुझ्या आईस सप्रेम नमस्कार सांग.

तुझा
काका