एक टक् म्हणजे हो

मंडळी, तुमचा आवाज कधी पूर्ण बसलाय का? घोगरा झाला, चिरकला, ते नाही म्हणत मी. तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली, असं झालंय? माझं झालं. आणि इंदूरच्या आमच्या कॉलनीत मला सगळे ‘आकाशवाणी’ म्हणतात, एवढं सांगितलं की पुढची गंमत तुमच्या लक्षात येईलच.

निमित्त लग्नाचं. अंगात सर्दी असताना नणंदेच्या मुलाच्या लग्नात मी दोन मंगलाष्टका म्हटल्या. मधेच माईक बंद पडला, तरी थांबले नाही. रात्री डीजेच्या दणदणाटात ओरडून ओरडून गप्पा मारल्या त्या वेगळ्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना “चहा” म्हणून हाक मारायला गेले, तर “फ्स्स...” एवढंच निघालं. ह्यांनी उठून आधी गॅस तपासला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू लालबुंद, सुजलेले. म्हणाले, व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. भरपूर पाणी, वाफ आणि पाच दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानेही घशावर ताण येतो. खाकरायचं नाही. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच राहिला तर मात्र पुन्हा दाखवायचं. बोलताबोलता त्यांनी सांगितलं, की बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा थरथरतात. झालं! ह्यांनी तिथेच मोबाईल काढून हिशेब केला. “म्हणजे तासाला सात लाख वीस हजार! आणि ही सोळा तास जागी असते, डॉक्टर.” डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला. मी उत्तर देऊ शकले नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

घरी आल्यावर माळ्यावरून मुलाची जुनी पाटी काढली. पण पाटीची अडचण अशी, की समोरच्याने वळून बघावं लागतं. ‘दूध उतू जातंय’ असं लिहून मी ह्यांच्या पाठीमागे उभी आणि हे पेपरात डोकं घालून. दूध गेलं. भाजीवाल्या भैयासमोर बोटांनी भाव पाडायला गेले, तर तो इतका हळहळला, की “रहने दो भाभी” म्हणून कोथिंबिरीची जुडी फुकट देऊन गेला. सव्वीस वर्षं घासाघीस करून जे जमलं नाही ते गप्प राहून जमलं!

खरी पंचाईत सासूबाईंची. वय ८२, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन व्हायचंय. कान मात्र तिखट. त्यांना पाटी वाचता येईना आणि मला बोलता येईना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. “माझ्या हातावर टिचकी मार. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.” मग आमचं छान जमलं. दिवसातून तीनदा त्या चाचपडत येऊन ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातात द्यायच्या. “चघळलीस का?” टक्. “खरंच?” टक् टक्.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, “अगं, तू गप्प झालीस आणि मला घरात वावरता येईना बघ. तुझा आवाज आला की कळतं, तू ओट्याशी आहेस का गॅलरीत. त्यावरून मी पावलं टाकते.” मी तशीच बसून राहिले. मला वाटायचं, माझ्या बडबडीचा त्यांना त्रास होतो. त्यानंतर मी घरात पैंजण घालून फिरू लागले. ह्यांनी भुवया उंचावल्या, पण पाटी दाखवायला मी काही गेले नाही.

त्याच संध्याकाळी पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. तो तिथे इंजिनिअरिंगला आहे. आमचं रोजचं बोलणं तीन मिनिटांचं. “जेवलास का, काय जेवलास, पाणी पितोस ना, केस कापलेस का,” आणि तिकडून “हो, बरं, हं.” ह्यांनी त्याला टक्-पद्धत समजावली आणि फोन माझ्या हातात दिला. मी अंगठीने फोनवर टक् केलं.

“म्हणजे आज मीच बोलायचं?” टक्.

थोडा वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मग मेसच्या पोळ्या, रूममेटचं घोरणं. मग पुन्हा शांतता. इतर वेळी अशी फट मी कधीच राहू दिली नसती, लगेच पुढचा प्रश्न टाकला असता.

“आई, ओरडू नकोस हं,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मलाही हसू आलं, त्याची नुसती शिट्टी वाजली. मग त्याने सांगितलं. मागच्या सेमिस्टरला त्याचे दोन विषय राहिले होते. ‘रिझल्ट चांगला लागला’ ही थाप होती. पाच महिने तो हे मनात घेऊन हिंडत होता. रात्री झोप लागत नव्हती. वर्गातल्या कुणाशी धड बोलतही नव्हता.

माझ्या घशाशी किती वाक्यं आली म्हणून सांगू! फीचे आकडे, शेजारच्यांचा मुलगा, ‘तरी मी सांगत होते’. एकही बाहेर पडलं नाही. आणि तो बोलतच राहिला. कोणता विषय कुठे अडला, कोणते सर पुन्हा समजावून सांगायला तयार आहेत, परीक्षा कधी आहे. उपाय त्याचा त्यानेच शोधून ठेवला होता, मला फक्त सांगायचं होतं.

“रागावलीस?” टक् टक्.

“खोटं बोलतेयस.” टक्.

तो मोठ्याने हसला. फोन ठेवला तेव्हा पाहिलं, एकतीस मिनिटं झाली होती. रात्री ह्यांना सगळं पाटीवर लिहून दाखवलं, दोनदा पुसून. ह्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पाटी हातात धरून बसले. मग म्हणाले, “बरं झालं तुला बोलता येत नव्हतं. मी असतो तर ओरडलोच असतो.”

सहाव्या दिवशी आवाज परत आला, थोडा फाटका. पहिली हाक सासूबाईंना मारली. “आलीस का?” त्या म्हणाल्या आणि भिंतीचा आधार न घेता स्वयंपाकघरात आल्या.

संध्याकाळी पुन्हा पुण्याचा फोन. “आवाज आला का गं, आई?”

तुम्ही मला हसा हवं तर. मी अंगठीने दोनदा वाजवलं.

“बरं,” तो म्हणाला, “मग ऐक. आज ना...”