ताटाशेजारचा फोन

आमचे वडील उद्यमबागमध्ये लेथवर होते. भोंगा झाला की हात धुऊन सायकलवर बसायचे. घरी येऊन सदरा खुंटीला लावला की त्याबरोबर कारखानाही खुंटीला! रात्री मशीन बंद पडलं तर त्यांना ते सकाळी कळायचं, आणि त्याने कुणाचं फारसं बिघडलेलं मला आठवत नाही.

मी त्याच उद्यमबागमध्ये अकरा माणसांच्या मशीन शॉपवर सुपरवायझर आहे. २००३ च्या मे महिन्यात मोबाईलचं इनकमिंग फुकट झालं आणि पुढच्याच वर्षी मी हँडसेट घेतला. खोटं कशाला सांगू, उपयोग फार झाला. आई दवाखान्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून आठ दिवस शॉप चालवलं. रजा मांडावी लागली नाही याचा अभिमानच वाटला होता. पुढे व्हॉट्सॲप आलं, ग्रुप झाले, ड्रॉइंगसुद्धा फोनवर यायला लागली. २०१४ पासून त्या निळ्या खुणा आल्या आणि 'पाहिलंच नाही' म्हणायची सोयही गेली.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. गुरुवारी रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. धारवाडहून सासूबाई आल्या होत्या. रात्रपाळीच्या ऑपरेटरचा मेसेज आला, बोअरची साईज किती? उजवा हात भातात, म्हणून डाव्या अंगठ्याने ड्रॉइंग उघडलं आणि साईज टाइप केली. सासूबाई म्हणाल्या, "फोन इड्रि, मदल ऊटा माड्रि." मुलगी काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, "हं हं, पाठवतो."

सकाळी शॉपवर गेलो तर ४६ कास्टिंग ओळीने मांडून ठेवलेली. साईज होती ४२.१५, मी पाठवली होती ४२.७५. बोअर लहान राहिला तर पुन्हा काढता येतो, पण एकदा मोठा झाला की संपलं, लोखंड परत भरता येत नाही. ऑपरेटरने फोन पुढे केला. "तुमीच पाठवलासा की साहेब." खरंच होतं. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्या गडबडीत बायकोचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा कट केला. मग मेसेज आला, 'भाषण झालं. आता येऊ नका.' शाळेत मुलीचं कित्तूर चन्नम्मावर कन्नडमध्ये भाषण होतं. आमची शाळा मराठी, तरी अज्जीने पंधरा दिवस फोनवरून उच्चार घोटून घेतले होते. रात्री जेवताना ती तेच सांगत होती, बाबा, उद्या साडेदहाला. संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, "काय पाठवणार होतास?"

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं गेलं होतं, कायदा काही झाला नाही. आमच्या अकरा जणांच्या शॉपपर्यंत असलं काही पोचायला वेळच लागेल. म्हणून मालकांशी बोलून आम्हीच ठरवलं. साईज फोनवर द्यायची नाही. संध्याकाळी निघताना जॉबकार्डावर पेनने लिहायची आणि ऑपरेटरकडून मोठ्याने वाचून घ्यायची. रात्री मशीन थांबलं तरच फोन करायचा, मेसेज नाही. काम अडेल अशी मालकांना धास्ती होती. पहिल्या महिन्यात फोन आले दोन. त्याआधी रोज रात्री वीस-पंचवीस मेसेज यायचे, ते कशाबद्दल असायचे हे आता मलाही सांगता येत नाही.

जेवताना फोन फ्रिजवर असतो. पहिला आठवडा हात सारखा खिशाकडे जायचा. अजूनही सगळे झोपल्यावर एकदा बघून येतोच, बायकोला ते माहीत आहे.

मुलीला म्हटलं, भाषण मला एकदा म्हणून दाखव. म्हणाली, आता पाठ नाही. परवा ती धारवाडला अज्जीला फोनवर तेच म्हणून दाखवत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी बाहेरच्या खोलीत उभा राहून ऐकलं.